कपाटातली शेवंती

बोरस्तेनानांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं, टेस्टर असायचा. पिवळ्या दांड्याचा, टोकाशी झिजलेला. लग्नाला जाताना नाना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, कानात अत्तराचा बोळा ठेवत आणि खिशात टेस्टर अडकवत. बँकेत सही करायची वेळ आली की सवयीने तोच बाहेर काढत आणि मग काउंटरवरच्या मुलीकडे पेन मागत. इंदिरानगरात आमची दारं समोरासमोर. हा टेस्टर मी इतक्या वेळा पाहिलाय की आजही नाना आठवायचे म्हटले की आधी तो डोळ्यांपुढे येतो आणि त्याच्या मागोमाग नाना.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. झोपेतच, कुणाला तोशीस न देता. इंदूकाकू आता नागपूरला मुलीकडे असतात आणि समोरच्या दाराला कुलूप आहे. मला नानांची आठवण येते, अगदी रोज येते, आणि गंमत म्हणजे दर वेळी मी हसत असते.

नानांनी उभा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात काढला. कारखान्याने त्यांना रिटायर केलं, पण त्यांनी काही मेंटेनन्स सोडला नाही. बिल्डिंगमधला पंप, लिफ्ट, कुणाची इस्त्री, कुणाचा मिक्सर, जे बंद पडेल तिथे किरकोळ अंगाचे नाना उकिडवे बसलेले दिसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "लाईन बघू या आधी." वस्तू उघडायची घाई ते कधी करत नसत. आधी वायर कुठून येते, कुठे जाते, वाटेत कोण तिला हात लावतं ते बघायचं. हे वाक्य त्यांनी पुढे सगळ्यालाच लावलं. माझ्या सासूबाईंचं डोकं रोज संध्याकाळी दुखायचं. नाना म्हणाले, लाईन बघू या. दोन दिवस येता-जाता बघून त्यांनी निदान केलं की सासूबाई टीव्हीची मालिका चष्म्याशिवाय बघतात, कारण चष्मा लावला की त्यांचा नातू त्यांना हसतो. नातवाला दम मिळाला, डोकेदुखी थांबली. डॉक्टरांची गोळी मात्र त्याआधी आम्ही तीन आठवडे देत होतो.

चांदवडला नानांच्या पुतण्याचं लग्न होतं, आम्हीही गेलो होतो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माईक बंद पडला. गुरुजी आपले ओरडून म्हणतायत, मागच्या लोकांना काही कळेना, ज्याच्या मनाला येईल तेव्हा तो अक्षता टाकतोय. नानांनी हातातल्या अक्षता खिशात टाकल्या आणि वायरच्या मागे निघाले. वायर स्टेजखालून गेली होती, म्हणून नानाही स्टेजखालून गेले. पलीकडे आचाऱ्याने मिक्सरसाठी प्लग काढून ठेवला होता. नानांनी त्याला काय सुनावलं ते माहीत नाही, पण माईक सुरू झाला. परत येताना ते आल्या वाटेनेच आले. अंतरपाट दूर झाला, "सावधान" झालं, फोटोग्राफरने फ्लॅश मारला, आणि त्याच क्षणी स्टेजच्या झालरीतून, नवरीच्या पायाशी, नानांचं डोकं बाहेर आलं. अल्बममध्ये तो फोटो आहे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मंगल भाव आणि खाली नाना, कोळिष्टकांसकट.

इंदूकाकू मखमलाबादच्या. त्यांचे वडील शेवंती करायचे. पिवळीधमक, बारीक पाकळीची. त्यांच्या मळ्यातल्या फुलांच्या वेण्या हंगामात अख्ख्या पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींच्या डोक्यात असत. आणि काकूंचं स्वतःचं लग्न झालं मे महिन्यात, कारण पाहुण्यांना तेव्हाच सुट्ट्या. मे महिन्यात शेवंती कुठली? शेवंतीवाल्याची मुलगी शेवंतीशिवाय बोहल्यावर चढली. मोगऱ्याचा गजरा होता डोक्यात, चांगला घसघशीत. पण काकू म्हणत, "मोगरा काय, कुणीही माळतं."

एवढ्यावर हे थांबलं असतं तर प्रश्न नव्हता. पण संसारात काही कमी-जास्त झालं की काकू ते लग्नापर्यंत नेऊन पोचवत. नाना कोथिंबीर विसरले तर, "राहू द्या, माझ्या लग्नात शेवंती नव्हती, तिथे कोथिंबिरीचं काय घेऊन बसलात." फिरायला न्यायचं राहिलं, साडीचा रंग चुकला, पाहुणे न सांगता आले, सगळ्याला तेच शेपूट. नाना दर वेळी तितक्याच कळवळ्याने म्हणत, "अगं, मे महिना होता! मी काय करणार?" आम्हाला हे भांडण पाठ झालं होतं. पण कधीतरी काकू हे वाक्य न चिडता म्हणायच्या, कुणाच्या तरी लग्नाहून परत येताना, जिन्यात दम खात. तेव्हा नाना नुसता खिशातला टेस्टर काढत, बघत आणि परत ठेवत.

लग्नाला पन्नास वर्षं व्हायची होती त्याच्या आधीच्या दिवाळीत नाना-काकू मखमलाबादला गेले. काकूंचा भाचा आता मळा बघतो. त्याने शेवंतीवर बल्बच्या माळा सोडल्या होत्या. नानांनी विचारलं, "हे काय, जत्रा हाय का?" भाचा म्हणाला, शेवंतीला रात्र मोठी झाली की कळी धरते, आम्ही उजेड देऊन रात्र मोडतो म्हणजे ती थांबते, मग बाजार बघून बल्ब बंद करायचे. नाना त्या बल्बांखाली बराच वेळ उभे होते म्हणे. घरी आल्यावर माझ्याकडे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, बल्ब लावून फूल थांबवता येतं. मग बल्ब बंद करून आणता का नाय येणार? मे महिन्यात?"

मे महिन्यात लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. त्या दिवशी काकूंच्या डोक्यात शेवंतीची वेणी. नानांनी एवढं एकच मनात धरलं होतं, आणि या वयात ते दुसरं काही धरणार नाहीत हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

मे महिन्यात मोठी रात्र बाहेर मिळत नाही, ती घरात करावी लागते. म्हणजे कपाट पाहिजे. घरात कपाट एकच होतं, काकूंच्या वडिलांनी लग्नात दिलेलं लोखंडी, आरशाचं. त्याच्यावरून आठवडाभर वाटाघाटी झाल्या. शेवटी काकूंच्या साड्या ट्रंकेत गेल्या, पण एका अटीवर, "आतला लॉकर माझा. त्याला हात लावायचा नाही." नानांनी कबूल केलं. कशासाठी कपाट हवंय ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तरी पहिली रोपं घरात आली तेव्हा काकूंनी एक पान चुरगळून नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "शेवंती? कपाटात? अहो, शेवंतीला थंडी लागते. माझे वडील काय वेडे होते?" आणि पदराने तोंड पुसत आत गेल्या. बहुधा तोंड पुसत नसाव्यात.

कपाट कसं करायचं हे नाना मोबाईलवर शिकले. "अमेरिकेतला एक पोरगा हाय, ताई. डोक्याला जटा, पण लय अभ्यासू. कपाटात झाडं लावतो. सगळं दाखवतो." मला त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. जटाधारी मुलगा प्रेमाने झाडाच्या पानावरून बोट फिरवत होता. नानांना इंग्रजी बेताचंच येई, पण हातांची भाषा त्यांना कळत होती. "ते झाड कसलं हो, नाना?" मी विचारलं. "अंबाडी," नाना म्हणाले. "तिकडच्या लोकांना अंबाडीची भाजी फार आवडत असणार. बघा किती निगा राखतो." पान खरंच अंबाडीसारखं होतं. मलाही दुसरं काही सुचलं नाही.

त्या पोराचं बघून नानांनी आपल्या पद्धतीने कपाट उभं केलं. आतून केटरिंगवाल्याकडची चकचकीत फॉइल. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. दाराला आमच्या भंगारात निघालेल्या फ्रीजचं रबर, म्हणजे उजेडाला फट नको. जांभळट गुलाबी दिव्यांच्या पट्ट्या आणि त्यांना टायमर. रोपं वाढेपर्यंत दिवस मोठा, मग रात्र मोठी. लॉकर वर जसाच्या तसा, त्याच्या खाली कुंड्या. दार लावलं की आरसा समोर, काकू त्यात बघून कुंकू लावत.

पण दिवे लागलेले असताना नाना दार थोडं उघडं ठेवून कौतुकाने बघत बसत आणि तो जांभळा उजेड खिडकीतून बाहेर पडे. समोरच्या बिल्डिंगमधून चौकशी आली. आमचे सेक्रेटरी सोनवणे, मूळचे नामपूरचे, भला माणूस, ते विचारायला गेले. लपवायचं काही नव्हतंच, म्हणून नानांनी त्यांना बसवून मोबाईल पुढे केला. "ह्या पोराचं बघून केलंय. ह्याचं झाड बघा काय तरारलंय!" सोनवण्यांनी झाड बघितलं. ते घामाघूम होऊन माझ्याकडे आले. गडबडले की त्यांची अहिराणी बाहेर पडे. "मॅडम, नानानी घरमा गांजा लाया शे! मी आते काय करू?"

मी सांगितलं की शेवंती आहे. ते म्हणाले, व्हिडिओत तर साफ गांजा होता. सोसायटीचं नाव जाईल आणि नाना या वयात आत जातील, या दोन्ही काळज्यांनी त्यांना जेवण जाईना. शेवटी त्यांनी ओळखीच्या एका हवालदारांना चहाला म्हणून बोलावलं आणि चहाला म्हणूनच नानांकडे घेऊन गेले. मागोमाग मीही गेले. शेजारधर्म असतो.

हवालदारांनी कपाटाकडे बघून काकूंना विचारलं, "मावशी, ह्याच्यात काय हाय?"

काकूंनी सरळ दार उघडलं, एक पान खुडलं, चुरगळलं आणि हवालदारांच्या नाकाखाली धरलं. "वासावरून कळत नाही? शेवंती आहे."

हवालदारांना सटासट शिंका आल्या. मग म्हणाले, "हो, शेवंतीच हाय. पण मावशी, शेवंती कपाटात कोण लावतं?"

"मी तेच विचारतेय," काकू म्हणाल्या. "घ्या, चहा घ्या."

चहा पिता पिता हवालदारांनी नानांना त्या अंबाडीचा खुलासा केला. नानांनी मोबाईल काढून तो व्हिडिओ पुन्हा नीट बघितला. आम्हाला वाटलं, त्यांना धक्का बसला. मग मान हलवून म्हणाले, "काही असू द्या साहेब, पण वायरिंग काय स्वच्छ केलंय त्याने!"

त्यानंतर हवालदारही अधूनमधून विचारपूस करू लागले. होळी झाली. नानांनी टायमर फिरवला, कपाटात मोठी रात्र सुरू झाली. संध्याकाळ व्हायच्या आत दिवे बंद, ते थेट सकाळी. आता कळ्या येणार म्हणून नाना रोज सकाळी भिंग घेऊन शेंड्यांकडे बघत. पानं अशी माजली होती की बघत राहावं. कळीचा पत्ता नव्हता.

एप्रिल लागला. उन्हाने कपाट तापायला लागलं तेव्हा नानांनी कूलर आणला. काकूंनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला पन्नास वर्षांत कूलर नाही, शेवंतीला आहे." पण रात्री दोघं गाद्या घेऊन त्याच खोलीत झोपायला लागले आणि काकूंची तक्रार बंद झाली. कळी मात्र येईना. नाना खचत चालले होते. एकदा आमच्या दारात उभं राहून म्हणाले, "ताई, तिला परत मोगराच माळावा लागणार बहुतेक." इतका वाईट चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मग मीच म्हटलं, "नाना, लाईन बघितली का?"

ते एकदम ताठ झाले. टायमर, पट्ट्या, पंखा, सगळं पुन्हा तपासलं. सगळं ठीक. मग त्यांना वाटलं, कुठूनतरी आत उजेड शिरत असणार, आणि बाहेरून ते कसं दिसणार? ते आत बसूनच बघायला हवं.

रोज संध्याकाळी नाना जॉगिंग ट्रॅकवर फेरी मारायला जात. त्या दिवशी ते गेले नाहीत. कुंड्या एका बाजूला सारून ते कपाटात शिरले, गुडघे पोटाशी घेतले आणि आतून दार ओढून घेतलं. काकू देवळात गेल्या होत्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या आल्या, स्वयंपाकघरात गेल्या, परातीत पीठ घेतलं आणि मग त्या खोलीत येऊन ट्यूब लावली आणि कपाट उघडलं.

काकूंची किंकाळी ऐकून मी हातातलं पुस्तक टाकून धावले. कपाटाचं दार सताड उघडं. आत शेवंतीच्या पाल्यात नाना, उकिडवे, डोळ्यांवर आडवा हात धरून. बाहेर काकू, एका हातात सोन्याची पाटली, दुसरा हात छातीवर.

"अहो, तुम्ही आत काय करताय?"

"तू काय करतेस ते सांग आधी! कपाट कशाला उघडलंस?"

"म्हणजे? कणीक मळायची आहे. पाटल्या लॉकरमध्ये ठेवायच्या."

नाना आतूनच म्हणाले, "रोज?"

"रोज म्हणजे? लग्नापासून! मळायच्या आधी काढते, जेवणं झाली, तुम्ही बातम्या लावल्या की घालते."

मग नाना कपाटातच हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि मी आणि काकूंनी मिळून त्यांना बाहेर ओढलं. रोज संध्याकाळी दोनदा, ट्यूबच्या लख्ख उजेडात, काकू शेवंतीची रात्र मोडत होत्या. भाच्याच्या मळ्यात बल्ब जे काम करायचे ते इथे पाटल्या करत होत्या. वडिलांनी दिलेल्या कपाटात, वडिलांनी घातलेल्या पाटल्या.

काकूंना जेव्हा हे नीट समजलं तेव्हा त्या खाली बसल्या. "मला सांगायचं नाही का?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून पाटल्या डाळीच्या डब्यात जाऊ लागल्या आणि संध्याकाळ झाली की त्या खोलीचं दार काकू स्वतः ओढून घेत. आम्हाला कुणालाही तिकडे फिरकू देत नसत. सोनवणे एकदा कौतुकाने बघायला आले तर त्यांना दारातूनच, "सकाळी या. झोपलीय ती," म्हणून परत पाठवलं.

पण गेलेले दिवस भरून येतात थोडेच! लग्नाचा वाढदिवस आला तेव्हा शेंड्यांवर कळ्या होत्या, हिरव्या, घट्ट, हरभऱ्याएवढ्या. पार्किंगमध्ये छोटा मांडव घातला होता. नागपूरहून मुलगी आली, तिने आईसाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता. नाना तिच्या हातातल्या गजऱ्याकडे बघून जिन्यात कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. भाचा म्हणाला, "आत्या, कळ्यांचीच वेणी करू का?" काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. मग त्यांनी गजरा मुलीच्याच डोक्यात माळला.

"आई, आज तरी रिकामा अंबोडा नको ना," मुलगी म्हणाली.

"माझी फुलं कपाटात आहेत," काकू म्हणाल्या. "यायची आहेत अजून."

त्या दिवशीच्या फोटोत काकूंचा अंबोडा रिकामा आहे. आणि नाना त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघतायत की फोटोग्राफरला "समोर बघा" म्हणून सांगावं लागलं होतं.

शेवंती उमलली ती जूनच्या एका साध्या मंगळवारी. ना सण, ना कार्य. सकाळी काकूंनी मला हाक मारली. कपाट उघडं होतं आणि आत पिवळं, नुसतं पिवळं. काकू जमिनीवर बसून वेणी करत होत्या, वडिलांसारखीच, केळीच्या सोपटाने. सोपटाचं एक टोक ताणून धरायला त्यांनी ते नानांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं होतं, त्यामुळे नानांना हलता येत नव्हतं. "ताई, चहा तेवढा तुम्हीच ठेवा," ते म्हणाले. मी म्हटलं, "काकू, महिनाभर उशीर झाला हो."

काकूंनी फूल बसवलं, दाबलं. "लग्नात मिळाली असती तर संध्याकाळी सुकली असती," त्या म्हणाल्या. "मग हे म्हातारं कपाटात कशाला शिरलं असतं?"

त्यानंतरही नाना दीड वर्षं होते. खूप वेळा भेटले, बोलले, आमचा गीझरही दुरुस्त केला. पण माझ्या मनात नाना थांबलेत ते त्याच मंगळवारी दुपारी. मी घरी परत येत होते. सिग्नलला पुढे नानांची स्कूटर उभी होती. मागे काकू एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, तोंड डावीकडे दुकानांकडे, आणि पांढऱ्या अंबोड्यावर ती पिवळीधमक वेणी उजवीकडे अख्खी दिसत होती. काही काम नव्हतं त्यांना. नंतर कळलं, सकाळपासून ही त्यांची तिसरी चक्कर होती. माझी नजर स्कूटरच्या उजव्या आरशाकडे गेली. नानांनी तो पार आत वळवला होता. त्यात मागचा रस्ता, गाड्या, काही दिसत नव्हतं. फक्त वेणी.

"नाना, आरसा नीट करा, मागचं दिसत नाही!" मी ओरडले.

"दिसतंय, ताई," नाना मान न वळवता म्हणाले. "सगळं दिसतंय."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. काकूंनी त्यांच्या खांद्यावर चापट मारली, "अहो, चला ना!" नाना हलेनात.